देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि दहावं उदाहरण



दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव ६१७४ या संख्येमुळे तुम्हाला माहीत असेलच. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते एका ओळीत येतं आणि संपतं. पण आपण त्यांच्याकडे जरा निवांत पाहायला हवं, कारण ते आपल्यासारखेच शाळामास्तर होते.

जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. आठ वर्षांचे असताना आई गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. पुढची पदवी घेतली नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शिकवलं. संख्यांचा नाद मात्र सुटला नाही, आणि बऱ्याच पदवीधर गणितींना तो पोरखेळ वाटायचा.

त्यांच्या 'डेम्लो' संख्या बघा. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या की मुलं चौथी आपणच सांगतात. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो. दहा एक लिहून वर्ग केला की उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब, मध्ये दोन शून्यं! हातचा आला आणि डौल मोडला. नऊ उदाहरणं जुळली, दहावं उलटं निघालं. यालाच प्रत्युदाहरण म्हणायचं. आमच्या मांडव्याच्या मुलांना ते चटकन कळतं. लाँच रोज सुटते असं कोणी म्हटलं, तर पावसाळ्यातला बंदचा एक दिवस पुरे.

आता ६१७४. १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी ते मांडलं. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लिहा, वजा करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. तिथून पुढे हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. ११११ मात्र शून्यावर जाते, म्हणून सगळे अंक सारखे नकोत ही अट. आता २१११ घेऊन बघा. पहिली वजाबाकी ९९९. मूल इथे ९९९ मधून ९९९ वजा करून शून्य काढतं आणि नियम खोटा पडला म्हणून ओरडतं. ओरडू द्या! मग ०९९९ असं चार अंकी लिहायला सांगा. पाचव्या पायरीला ६१७४ येते. हे प्रत्युदाहरण खरं होतं की आपण अट विसरलो, हे तपासणं मला वजाबाकीपेक्षा मोठं शिक्षण वाटतं. पाच अंकांत मात्र नियम खरंच मोडतो: ५३९५५ वरून ५९९९४, आणि तिथून परत ५३९५५.

चार अंकांबद्दल खात्री कशी द्यायची? पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ वेगवेगळी उत्तरं शक्य असतात. २७ मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाला दोन वाटून द्या, एका तासात सगळी तपासून होतात.

हीच मुलं कॉलेजात वास्तव संख्यांचं विश्लेषण शिकतील, तेव्हा तपासायच्या गोष्टी अनंत असतील आणि असं वाटून देता येणार नाही. सलग वक्राला बहुतेक ठिकाणी स्पर्शिका असणारच, असं एके काळी मोठमोठे गणिती मानत. १८७२ मध्ये जर्मनीच्या वायरश्ट्रासनं असं फलन मांडलं की वक्र कुठेही तुटत नाही, पण स्पर्शिका एकाही बिंदूवर नाही. गंमत म्हणजे हा वायरश्ट्रासही आधी कित्येक वर्षं शाळामास्तरच होता.

कापरेकरांना जगानं उशिरा ओळखलं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गाजलेल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं. तोवर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, पत्नी गेली होती, पेन्शन पुरत नव्हती म्हणून ते शिकवण्या घेत. १९८६ मध्ये देवळालीतच ते वारले.