जयभीमचे जनक आणि आमच्या बोटांतली विडी

जानेवारी उजाडला की कल्याण-डोंबिवलीतल्या आमच्या वस्त्यांमध्ये कार्यक्रमांची रांग लागते. १ तारखेला भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना, ३ ला सावित्रीमाईंची जयंती, १४ ला नामविस्तार दिन. या धामधुमीत दोन तारखा मात्र बहुतेकांच्या ध्यानातून निसटतात. ६ जानेवारी ही बाबू हरदास एल. एन. यांची जयंती आणि १२ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन. जय भीम हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. तो शब्द ज्यांच्यामुळे आपल्या ओठी आला त्यांचा फोटो किती विहारांत आहे, हे ज्याचे त्याने तपासावे.

आम्ही आज बाबूंचे चरित्र सांगणार आहोत, आणि त्याचे निमित्त आहे विडी. आम्ही स्वतः तब्बल बावीस वर्षे धूम्रपान केले. ठाण्यात कायद्याचे शिक्षण घेताना मित्राच्या हातातला एक झुरका घेतला, तिथून सुरुवात झाली. पुढे वकिली सुरू झाली. सकाळी कोर्टाच्या फाटकाबाहेर टपरीवर एक, तारीख पडली की एक, अशिलाने फी बुडवली की दोन. कमाई असेल तेव्हा सिगारेट, नसेल तेव्हा विडी. चळवळीच्या बैठकाही धुरातच व्हायच्या. समोरून कार्यकर्ता आला की उजव्या हातातली विडी डाव्या हातात घ्यायची आणि जय भीम म्हणायचे, ही आमची रीत होती. त्या अभिवादनाचा आणि त्या विडीचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे आमच्या गावीही नव्हते.

बाबू हरदास यांचे पूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे. ६ जानेवारी १९०४ रोजी कामठी येथे महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कामठी हे नागपूरजवळचे, कन्हान नदीच्या काठचे लष्करी छावणीचे गाव. वडील लक्ष्मणराव रेल्वेत कारकून होते. त्या काळात अस्पृश्याच्या घरी कारकुनाची नोकरी म्हणजे मोठीच गोष्ट. मुलाने नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमध्ये शिक्षण घेतले, मॅट्रिक झाला. आर्य समाजाच्या स्वामी ब्रह्मानंदांकडे संस्कृतही शिकला. सोळाव्या वर्षी साहुबाईंशी लग्न झाले. आता पोराने वडिलांसारखी नोकरी धरावी आणि सुखाने संसार करावा, असेच चारचौघांना वाटले असणार. पण बाबूंनी वयाच्या सतराव्या वर्षी नागपुरातून साप्ताहिक सुरू केले. ज्या वयात आम्ही लपूनछपून पहिली सिगारेट ओढण्यात मर्दुमकी मानली, त्या वयात हा पोरगा समाजासाठी वर्तमानपत्र काढत होता.

१९२२ साली त्यांनी महार समाज या नावाने संघटना बांधली आणि विखुरलेल्या तरुणांना एकत्र आणले. पोटजातींची कुंपणे मोडावीत म्हणून संत चोखामेळा यांच्या पुण्यतिथीला ते सहभोजन घडवून आणत. १९२७ मध्ये त्यांनी कामठीत रात्रशाळा काढली. तिथे ८६ मुले आणि २२ मुली शिकत होत्या. जोडीला संत चोखामेळा यांच्या नावाने वाचनालय उभे केले. स्त्रियांसाठी महिला आश्रम काढला. दिवसभर राबून आलेल्यांना कंदिलाच्या उजेडात अक्षरे शिकवणे म्हणजे काय, हे आज ट्यूशनच्या फिया भरणाऱ्या पिढीला समजणे कठीण आहे.

हे राबणारे लोक काय काम करत होते? त्यांतल्या कितीतरी घरांची चूल विडीवर पेटत होती. नागपूर, कामठी, रामटेक, भंडारा, गोंदिया हा सारा पट्टा विडीचा. जंगलात तेंदूपत्ता मुबलक आणि गावात हात स्वस्त. पाने भिजवायची, मापाने कातरायची, त्यात तंबाखूची चिमूट भरून वळायची, तोंड दुमडायचे आणि दोऱ्याने बांधायची. मजुरी हजार विड्यांमागे. पाने आणि तंबाखू ठेकेदाराची, वजनही त्याचे आणि हिशेबही त्याचाच. वाकडी, पोकळ किंवा सैल म्हणून तो मूठभर विड्या बाजूला काढणार आणि त्यांचे पैसे कापणार. बायका आणि लहान मुले दिवसभर मान खाली घालून बसत. तंबाखूची भुकटी नाकातोंडात जाई, अंगाला तिचा वास चिकटे, खोकला घरचाच होई.

बाबूंनी इथे घातलेला हात फार मोलाचा आहे. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले. एवढ्यावर न थांबता ठेकेदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू केले. माल आपला, मेहनत आपली आणि नफाही आपला, असा तो सरळ हिशेब होता. दलित चळवळ फक्त मंदिरप्रवेशाची आणि पाणवठ्याची होती, असे सांगणाऱ्या पंडितांनी कामठीचा हा इतिहास वाचावा. विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीचा प्रश्न हा बाबूंच्या लेखी जातीचाच प्रश्न होता.

बाबासाहेबांशी त्यांची पहिली भेट १९२८ साली झाली आणि पुढचे आयुष्य त्या भेटीने ठरवले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहासाठी त्यांनी विदर्भातून कार्यकर्ते नाशिकला धाडले. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, असा वाद उभा राहिला. तेव्हा अस्पृश्यांचे नेते डॉ. आंबेडकर आहेत, अशी तार बाबूंनी थेट पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांना पाठवली आणि ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांकडूनही तारा पाठवून घेतल्या. मे १९३२ मध्ये दलित वर्गाच्या परिषदेचे अधिवेशन कामठीत भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष अठ्ठावीस वर्षांचे बाबू हरदास होते.

जय भीमची कथा याच काळातली. मुसलमान बांधव भेटले की सलाम अलैकुम म्हणतात आणि समोरचा वालेकुम सलाम म्हणतो. आपल्या लोकांना मात्र जोहार घालावा लागत होता किंवा कुठल्या तरी देवाचे नाव घ्यावे लागत होते. आपलेही स्वाभिमानाचे अभिवादन हवे, या विचारातून बाबूंनी १९३५ च्या सुमारास जय भीम रुजवले. प्रत्युत्तर म्हणून बल भीम म्हणावे, अशी मूळ योजना होती. ती मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी जय भीमच राहिले. त्या एका शब्दाने कमरेत वाकलेला समाज ताठ उभा राहिला.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्याची धुरा बाबूंनी वाहिली. १९३७ च्या निवडणुकीत नागपूर-कामठी मतदारसंघातून ते कायदेमंडळावर निवडून गेले. विडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या धंद्यातील बायका-मुलांच्या श्रमाला काही नियम लावणारा मध्य प्रांताचा अनियंत्रित कारखाने कायदा त्याच १९३७ सालचा आहे. पुढे देशपातळीवर विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा यायला १९६६ साल उजाडले.

तो दिवस पाहायला बाबू नव्हते. सभा, प्रवास, जागरणे यांनी शरीर पोखरले होते. क्षयाने गाठले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अजून पाच वर्षे दूर होता. १२ जानेवारी १९३९ रोजी बाबू गेले. पस्तीसावे वर्ष नुकते पूर्ण झाले होते. कन्हानच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे आज त्यांचे स्मारक आहे. बाबूंच्या मृत्यूचा दोष विडीवर टाकण्याचा आमचा मुळीच हेतू नाही, पुराव्याशिवाय आरोप करणे आमच्या पेशात बसत नाही. पण धूम्रपान करणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न करणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतो, हे आज वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. ज्या आजाराने आपला नेता ऐन तारुण्यात नेला, त्या आजाराला आपण रोज दहा रुपयांचे आमंत्रण देतो, एवढेच आमचे म्हणणे.

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. कल्याण पूर्वेला एका अशिलाच्या घरी कागदपत्रे पाहायला गेलो होतो. त्यांच्या वृद्ध आई कामठीकडच्या. आम्ही सवयीने विडी काढली. आजींनी ती मागून घेतली. ओढायला नव्हे, पाहायला. बोटांत फिरवून पाहिली, दोऱ्याची गाठ तपासली आणि वळणारीचा हात चांगला असल्याचे सांगितले. मग आपल्या लहानपणचे बोलत राहिल्या. आई, मावश्या आणि त्या स्वतः, सगळ्या विडी वळायच्या. आई खोकून खोकून गेली. बाबू हरदासांचे नाव त्यांनी त्या आईच्या तोंडून ऐकले होते. शेवटी विडी परत देताना त्यांनी आम्हाला एकच विचारले. वळणारीचा तर पोटासाठी नाइलाज होता, शिकल्यासवरल्या वकिलाचा कसला नाइलाज आहे? आम्ही आयुष्यात पुष्कळ उलटतपासण्या घेतल्या, पण या प्रश्नाला उत्तर सापडले नाही.

तरीही विडी सुटायला दोन वर्षे लागली. पहिला संकल्प १४ एप्रिलचा, तो तीन दिवस टिकला. दुसरा १४ ऑक्टोबरचा, तो महिनाभर. डोके दुखायचे, झोप उडायची, अशिलांवर खेकसायचो. मग एक गोष्ट लक्षात आली. महापुरुषांच्या तारखांची वाट पाहणे ही पळवाट होती, कारण पुढची तारीख येईपर्यंत ओढायला मोकळीक मिळे. शेवटी एका साध्या मंगळवारी सोडली. टपरीवाल्याला सांगून ठेवले की आम्ही मागितली तरी द्यायची नाही. कोर्टात मागच्या दाराने ये-जा सुरू केली. काळ्या कोटाच्या खिशात फुटाणे ठेवले. तलफ येते तशी चार-पाच मिनिटांत ओसरतेही, तेवढा वेळ पाणी प्यावे, चार पावले चालावे, हे डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते खरे निघाले. दोन वकील मित्रांनी बरोबरच सोडली. त्यांतला एक परत लागला, पुन्हा सोडली. आज सात वर्षे झाली. जिना चढताना छाती भरत नाही, आणि नात्यातली पोरे जवळ येऊन बसतात.

पूर्वी आम्ही वकिली युक्तिवादही करायचो. बावीस प्रतिज्ञांत दारूचा उल्लेख आहे, तंबाखूचा नाही, मग आमचे शील मोडले कुठे? आता त्याची लाज वाटते. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आला, तथागतांच्या काळात तो नव्हताच. पाचव्या शीलाचा गाभा मनाला बेसावध करणाऱ्या व्यसनापासून दूर राहण्यात आहे. तलफेसाठी धम्मदेसना अर्धी सोडून बाहेर जाणारा माणूस सावध आहे, असे कोणत्या न्यायालयात सिद्ध करता येईल?

प्रश्न फक्त विडीचाही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे त्यात चार टक्क्यांच्या आत. बाकी सारे मशेरी, मळलेला तंबाखू आणि गुटखा यांचे. म्हणजे आपल्या मायमाउल्याही यात आहेत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. कायदा आहे. पण आपल्या विहाराच्या पायरीवर तो पोलिसाने येऊन राबवावा काय?

कोणी विचारेल, सगळ्यांनी विडी सोडली तर वळणाऱ्या बायांनी काय खावे? प्रश्न रास्त आहे. उत्तर बाबूंच्या सहकाराच्या वाटेवरच सापडते. केरळात कण्णूरला १९६९ साली विडी कामगारांची दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी राहिली. विडीची मागणी घटू लागल्यावर तिने खाद्यपदार्थ आणि छत्र्यांचे उत्पादन सुरू केले. कामगार संघटित असेल तर धंदा बदलूनही जगता येते. बाबू विडी वळणाऱ्या माणसाच्या बाजूने होते, आणि तो माणूस विडीपेक्षा मोठा आहे.

येत्या ६ जानेवारीला आपापल्या विहारात बाबू हरदासांचा फोटो लावा. त्यांची रात्रशाळा, त्यांचा विडी कामगारांचा लढा मुलांना सांगा. आणि ज्यांना तंबाखू सोडायचा आहे त्यांनी तारखेची वाट न पाहता १८००-११-२३५६ या सरकारच्या मोफत क्रमांकावर फोन करावा. पहिल्या वेळी जमले नाही तर खचू नये, आम्हालाही जमले नव्हते. जय भीम म्हणताना दोन्ही हात मोकळे असावेत, एवढे आपण त्या माणसाचे देणे लागतो.

जय भीम!