रुडॉल्फ डीझेल

माजरीच्या आसपास कोळशाच्या खाणी असल्यामुळें कोळसा ही वस्तु आमच्या वाचकांस नवी नाहीं. वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी भुकटी येऊन बसते, ती आमच्या विद्यार्थ्यांच्या मातांस नकोशी वाटते. परंतु याच भुकटीवर एंजिन चालवावें असा बेत ज्यानें एके काळीं केला होता, त्या रुडॉल्फ डीझेलचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. उघड्या खाणींतून कोळसा वाहणारे अवजड डंपर त्याच्याच एंजिनावर चालतात. मात्र त्यांस भुकटी लागत नाहीं, तेल लागतें.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस शहरीं झाला. आईबाप जर्मन असून वडिलांचा धंदा कातडी वस्तु बनविण्याचा होता. १८७० सालीं फ्रान्स व जर्मनी यांच्यांत युद्ध जुंपलें, तेव्हां कुटुंबास पॅरिस सोडून लंडनला जावें लागलें, आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फास ऑग्सबर्ग येथें नातलगांच्या घरीं शिकावयास पाठविण्यांत आलें. पुढें म्युनिकच्या तंत्रशाळेंत त्यास कार्ल लिंडे हे गुरु लाभले. बर्फ करण्याच्या यंत्रांमुळें लिंडे यांचें नांव सर्वत्र झालें होतें. वाफेच्या एंजिनांत कोळशाच्या उष्णतेचा फार तर दहावा भाग कामीं येतो व बाकी वायां जाते, हें त्यांच्या व्याख्यानांत ऐकून विद्यार्थिदशेंतील डीझेलच्या मनानें घेतलें कीं, ही उधळपट्टी थांबविली पाहिजे. १८८० सालीं तो उत्तम रीतीनें परीक्षा उतरला आणि लिंडे यांच्याच बर्फाच्या कामावर लागला. पण तो विचार त्याच्या डोक्यांतून गेला नाहीं.

सायकलमध्यें हवा भरतांना पंपाचें तळ गरम होतें, हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. डीझेलची सारी कल्पना एवढ्यांत आहे. सिलिंडरांत नुसती हवा इतकी दाबावयाची कीं ती लालबुंद निखाऱ्याप्रमाणें तापावी, आणि मग तींत इंधन सोडतांच तें ठिणगीवांचून पेटावें. दाब जितका अधिक, तितकी उष्णता कामीं येण्याचें प्रमाण अधिक. तेव्हां प्रश्न उरला तो एकच: दाब वाढवावयाचा, पण कोठवर?

१८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत डीझेलनें २५० वातावरणें इतक्या दाबाचा हिशेब मांडला. कागदावर तो बिनचूक होता. परंतु लोखंडास गणित समजत नाहीं! सिलिंडराचें झांकण, ज्यास आपले मिस्त्री ‘हेड’ म्हणतात, त्याच्या झडपा व त्याचे बोल्ट इतका भार सोसणार कसे? शिवाय हवा दाबावयासही शक्ति खर्चावी लागते. दाब वाढत गेला म्हणजे घर्षण वाढतें, आणि शेवटीं मिळविलेलें सारें यंत्राच्या पोटांतच जिरतें. ऑग्सबर्गच्या कारखान्याचे चालक हाइन्रिख बुत्स यांनीं प्रथम नकारच दिला. तेव्हां डीझेलनें दाब ४४ वर आणला व कोळशाच्या भुकटीचा हट्ट बाजूस ठेवून तेलावर प्रयोग करण्याचें मान्य केलें. १८९२ च्या एप्रिलांत कारखाना राजी झाला. आमच्या मतें डीझेलच्या बुद्धीपेक्षां त्याची ही माघारच अधिक मोलाची ठरली.

तरीही यंत्र लवकर वठणीवर येईना. १० ऑगस्ट १८९३ रोजीं पहिल्या प्रयोगांत इंधन पेटलें खरें, पण स्फोट असा झाला कीं दाब टिपणारें उपकरणच फुटलें. सिलिंडरास थंड ठेवण्याची सोय नव्हती. ती पुढें पाण्याचें वेष्टण घालून करावी लागली. हवा झडपांतून निसटे. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं एंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम एक मिनिट चाललें. त्यानंतर तीन वर्षें फेरफार करण्यांत गेलीं. अखेर १८९७ च्या फेब्रुवारींत प्राध्यापक श्रोटर यांनीं एंजिनाची जाहीर परीक्षा घेतली, तेव्हां दाब तीसपस्तीस वातावरणांच्या आसपास स्थिरावला होता, आणि उष्णतेचा सुमारें २६ टक्के भाग कामीं येत होता. अडीचशेंचें स्वप्न सोडून तीसपस्तीसावर थांबणाऱ्या मनुष्यानें वाफेच्या एंजिनास मागें टाकलें.

येथें एक गोष्ट विदर्भाच्या शेतकऱ्यांसाठीं सांगून ठेवतों. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत या जातीचें एक लहान एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें, आणि पाहणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या हें लक्षांत आलें.

दाबाच्या प्रश्नास मात्र कायमचें उत्तर मिळालें नाहीं. १९०५ सालीं आल्फ्रेड ब्युखी या स्विस एंजिनियरानें बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून सिलिंडरांत अधिक हवा कोंबण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. हाच आजचा टर्बो. त्यानें बळ वाढतें. पण हेडवरील ताण व उष्णताही त्याबरोबर वाढते, आणि मोटार सुधारणाऱ्यास आजही ठरवावें लागतें कीं हेड कितपत बदलावें, झडपा व बोल्ट कितपत भक्कम करावे, व कोठें हात आवरावा.

एंजिनाच्या बाबतींत हात आवरणाऱ्या डीझेलला पैशाच्या बाबतींत तें साधलें नाहीं. पेटंटाच्या तंट्यांनीं त्याची प्रकृति ढासळली. म्युनिकमध्यें त्यानें भपकेबाज हवेली बांधली, जमिनींच्या व तेलाच्या व्यवहारांत द्रव्य घालविलें, आणि कर्ज वाढत गेलें. १९१२ सालीं त्याच्या एंजिनांवर चालणारें ‘सेलांडिया’ हें डॅनिश जहाज महासागर ओलांडून पूर्वेकडे आलें, तेव्हां त्याची कीर्ति कळसास पोहोंचली होती. २९ सप्टेंबर १९१३ रोजीं सायंकाळीं तो अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीनें इंग्लंडास निघाला. जेवण करून, सकाळीं सव्वासहा वाजतां उठवावें असें सांगून, तो खोलींत गेला. सकाळीं अंथरूण न मोडलेलें आढळलें. कांहीं दिवसांनीं एका डच होडीस समुद्रांत एक प्रेत दिसलें. खलाशांनीं खिशांतील किरकोळ चिजा काढून घेतल्या व प्रेत पुन्हां पाण्यांत सोडलें. त्या चिजा आपल्या वडिलांच्याच आहेत, हें डीझेलच्या मुलानें ओळखलें.