नाशिकच्या टाकळीत बारा वर्षं : समर्थ रामदासांची सकाळ कशी होती?

पहाटे पाचचा अलार्म लावायचा, दोन दिवस उठायचं आणि तिसऱ्या दिवशी अलार्म बंद करून पुन्हा झोपायचं. हा अनुभव बहुतेकांना आहे. सकाळचा दिनक्रम सुरू करणं सोपं, टिकवणं अवघड. चारशे वर्षांपूर्वी नाशिकमध्ये एका मुलाने मात्र असा दिनक्रम सलग बारा वर्षं पाळला, असं रामदासी परंपरा सांगते. त्या मुलाचं नाव नारायण सूर्याजी ठोसर. पुढे महाराष्ट्र त्याला समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला.

नारायणाचा जन्म १६०८ मध्ये रामनवमीच्या दिवशी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी झाला. वडील लवकर गेले. आई राणूबाईंच्या आग्रहामुळे तो बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा राहिला. मंगलाष्टकांमधला सावधान हा शब्द कानावर पडला आणि तो मांडवातून निघून गेला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तो नेमका पुढे काय करत होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

तो पायी नाशिकला आला. जांबपासून हे अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. पंचवटीत रामाचं दर्शन घेऊन तो गोदावरी आणि नंदिनी नदीच्या संगमावरच्या टाकळीत राहिला. आज टाकळी नाशिक शहराचाच भाग आहे. तेव्हा तिथे त्याला उठवायला आई नव्हती, शिकवायला गुरुजी नव्हते आणि विचारणारंही कोणी नव्हतं. दिवस कसा घालवायचा हे त्याचं त्यालाच ठरवायचं होतं.

दिवस कसा आखला होता?

परंपरेतल्या चरित्रांनुसार नारायण पहाटे उठायचा. सूर्यनमस्कार घालायचा. त्यांचा आकडा रोज १२०० असा सांगितला जातो. मग संगमावर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दुपारपर्यंत गायत्री मंत्राचा आणि तेरा अक्षरी राममंत्राचा जप चालायचा. बारा वर्षांत तेरा कोटी जप झाला, असं मानतात. हिशेब केला तर तो रोज जवळजवळ ३० हजार भरतो. आकडे परंपरेचे आहेत. पण त्यांतून एक गोष्ट कळते : एवढं मोठं काम रोजच्या ठरलेल्या वाट्यात विभागलेलं होतं.

दुपारी तो पंचवटीत जाऊन माधुकरी मागायचा आणि रामाला नैवेद्य दाखवून जेवायचा. नाशिक हे विद्येचं मोठं केंद्र. तिथे कीर्तन आणि पुराण ऐकायला मिळायचं, ग्रंथ वाचायला मिळायचे. त्यामुळे जेवणानंतरचा वेळ ऐकणं, वाचणं आणि ग्रंथ उतरवून घेणं यात जायचा. रामदासांच्या हस्ताक्षरातली मानली जाणारी वाल्मिकी रामायणाची प्रत आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे.

म्हणजे सकाळ शरीरासाठी आणि एकाग्रतेसाठी, दुपार पोटासाठी आणि लोकांसाठी, उरलेला दिवस अभ्यासासाठी. प्रत्येक कामाची जागा ठरलेली होती, त्यामुळे आता काय करू हा प्रश्नच रोज नव्याने पडत नव्हता.

किंमत कोणी मोजली?

या शिस्तीची दुसरी बाजूही आहे. जांबला आई वाट पाहत राहिली. मुलाच्या दुःखात राणूबाईंची दृष्टी गेली, असं परंपरा सांगते. मायलेकरांची भेट झाली ती सुमारे चोवीस वर्षांनी.

दिनक्रम सोडलाही

१६३२ च्या सुमारास, वयाच्या चोविसाव्या वर्षी, रामदासांनी टाकळी सोडली. तिथल्या मारुतीची आणि मठाची जबाबदारी शिष्य उद्धवाकडे दिली आणि ते भारतभ्रमणाला निघाले. तेही बारा वर्षं चाललं. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं राहिलं. पुढे अकरा मारुती, मठांचं जाळं आणि दासबोध हे काम झालं. १६८२ मध्ये सज्जनगडावर त्यांचं निधन झालं.

दासबोधाच्या अकराव्या दशकात त्यांनी संसारी माणसासाठीही दिनक्रम सांगितला आहे. तो टाकळीच्या मानाने बराच सोपा आहे. पहाटे उठावं, थोडं पाठांतर करावं, स्नान आणि पूजा करावी, थोडा फलाहार घ्यावा आणि मग आपल्या कामधंद्याला लागावं. लोकांशी गोड बोलावं. जेवण झाल्यावर काही वाचावं, चर्चा करावी. एकही क्षण रिकामा जाऊ देऊ नये. यात १२०० नमस्कार नाहीत आणि थंड पाण्यात उभं राहणंही नाही.

स्वतः एवढी कठोर सकाळ जगलेल्या माणसाने इतरांना मात्र झेपेल तेवढंच सांगितलं. उद्याचा अलार्म लावताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे : सकाळ कितीही छोटी असू दे, पण ती रोजची असावी आणि तिच्यामागे काहीतरी काम ठरलेलं असावं.