ज्याँ पेरँ

ज्याँ बातिस्त पेरँ (३० सप्टेंबर, इ.स. १८७० - १७ एप्रिल, इ.स. १९४२) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. एक मोल पदार्थात किती रेणू असतात, हे त्यांनी प्रयोगाने ठरवले. अणू ही केवळ सोयीची कल्पना नसून वस्तुस्थिती आहे, हे त्यामुळे मान्य झाले. त्यांना इ.स. १९२६चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

पेरँ यांचा जन्म लील येथे झाला व शिक्षण पॅरिसमध्ये झाले. कॅथोड किरण ऋण विद्युतभार वाहतात, हे त्यांनी इ.स. १८९५मध्ये दाखवले. इ.स. १९१०पासून ते सोरबॉन येथे प्राध्यापक होते.

रेणूंची मोजणी

ऑक्सिजनच्या रेणूंची दाटी सुमारे ५ किलोमीटर उंचीवर निम्मी होते. रेणू जितका जड, तितकी ही उंची कमी. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कणही हाच नियम पाळत असतील, तर दोन्ही उंचींच्या गुणोत्तरावरून रेणूचे वजन काढता येईल, असे पेरँ यांनी ताडले.

इ.स. १९०८ साली त्यांनी गॅम्बोज हे झाडाच्या चिकापासून मिळणारे पिवळे रंगद्रव्य निवडले. एक किलोग्रॅम गॅम्बोजवर कित्येक महिने प्रक्रिया केल्यावर एकसारख्या आकाराचे कण जेमतेम काही दशांश ग्रॅम हाती लागले. हे कण सतत हलत असत. म्हणून एका वेळी पाच-सहाच कण दिसतील इतके सूक्ष्मदर्शकाचे दृष्टिक्षेत्र त्यांनी लहान केले. ०.२१२ मायक्रॉन त्रिज्येचे सुमारे १३,००० कण चार पातळ्यांवर मोजले गेले. दर ३० मायक्रॉन उंचीला त्यांची संख्या जवळपास निम्मी होत होती.

पाण्याने उचलून धरलेला भार वजा करता कणाचे वजन कळले, त्यावरून रेणूचे आणि त्यावरून मोलमधील रेणूंची संख्या मिळाली: सुमारे ६.८ गुणिले १०चा २३वा घात. आजच्या मूल्याहून (६.०२२) ती सुमारे १३ टक्के जास्त आहे. आइन्स्टाइन यांच्या इ.स. १९०५च्या सूत्रानुसार कणांचे स्थानांतर मोजूनही उत्तर जवळपास तेच आले. ॲव्होगाड्रो यांनी ही संख्या स्वतः कधीच काढली नव्हती. त्यांचे नाव तिला पेरँ यांनी इ.स. १९०९मध्ये दिले. अणूंचे कडवे विरोधक ओस्टवाल्ड यांनीही त्याच सुमारास आपला विरोध मागे घेतला.

उत्तरायुष्य

इ.स. १९३९मध्ये फ्रान्सचे राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्र उभे राहिले, त्यात पेरँ यांचा मोठा वाटा होता. जर्मनीने फ्रान्स व्यापल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. इ.स. १९४८मध्ये त्यांचे अवशेष मायदेशी आणून पॅरिसच्या पाँतेओंमध्ये ठेवण्यात आले.