लेबलला खरं बोलायला लावणारा केमिस्ट

तुमच्या कॉलेजच्या गेटपाशी एखादं कुत्रं नक्की असेल. ग्रुपने त्याचं बारसंही केलेलं असेल. पॉकेटमनीतून वर्गणी काढून त्याच्यासाठी डॉगफूड आणायला तुम्ही दुकानात जाता, तेव्हा समोर वीस ब्रँड उभे असतात. प्रत्येक पाकिटावर चकचकीत केसांचं कुत्रं आणि भरपूर प्रोटीनची हमी. तुम्ही कुठलं उचलता? ऑफरमधलं? की पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचता? आणि वाचलीत, तरी ती खरी आहेत हे कशावरून?

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन केमिस्टने माणसांच्या खाण्याबद्दल विचारला. नुसता विचारला नाही, तर उत्तरासाठी तुमच्याच वयाच्या बारा पोरांना जेवायला बसवलं. त्यांचं नाव हार्वी वॉशिंग्टन वायली.

वायलींचा जन्म १८४४ चा, इंडियाना राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. घरचं दूध, घरचं लोणी, घरचं धान्य. कॉलेजात असताना यादवी युद्ध चालू होतं, म्हणून काही महिने सैन्यातही जाऊन आले. मग १८७१ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली; पण जीव रमला रसायनशास्त्रात. हार्वर्डला शिकून १८७४ साली ते नव्यानेच सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. प्राध्यापक असे, की विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळायचे आणि उंच चाकाच्या सायकलवरून कॉलेजला यायचे. विश्वस्त मंडळींना हे शोभेना, त्यावरून बोलणीही बसली.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. तिथे सरकारी प्रयोगशाळेत साखरेची शुद्धता मोजायला शिकले आणि परत येऊन त्यांनी बाजारातला मध आणि पाक तपासायला घेतला. मध म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मक्यापासून केलेल्या स्वस्त ग्लुकोजची सर्रास भेसळ निघाली. आपण काय खातोय हे लोकांना माहीतच नाही, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली ती कायमची.

१८८३ साली ते वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याचे मुख्य केमिस्ट झाले. दुसऱ्याच वर्षी सरकारी कृषी केमिस्टांची एक संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. तिचं काम वरवर रटाळ वाटेल: तपासणीची पद्धत सगळीकडे एकच ठरवायची. पण विचार करा, एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी जुळलाच नाही, तर भेसळवाल्याला पकडणार कसं?

तेव्हा परिस्थिती काय होती? दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मल्डिहाइड, म्हणजे प्रेतं टिकवायचं रसायन. मांस आणि लोण्यात बोरॅक्स. डबाबंद वाटाणे हिरवेगार दिसावेत म्हणून मोरचूद. यातलं काहीच लेबलवर लिहायची सक्ती नव्हती. कंपन्यांचा दावा एकच: एवढ्याशाने काही होत नाही. आणि होतं हे सिद्ध करणारा पुरावा कोणाकडेच नव्हता.

१९०२ मध्ये वायलींनी काँग्रेसकडून ५,००० डॉलर मिळवले आणि आपल्या खात्याच्या तळघरात चक्क एक मेस सुरू केली. स्वयंपाकघर, टेबलं, स्वच्छ टेबलक्लॉथ. बारा धडधाकट तरुण स्वेच्छेने आले, बहुतेक खात्यातलेच कारकून. पगार नाही, फक्त तीन वेळचं फुकट जेवण. अट अशी, की बाहेरचा घासही खायचा नाही. जेवणाआधी वजन, नाडी आणि तापमान. मल-मूत्राचे नमुने रोज जमा करायचे. काही झालं तर सरकारवर दावा लावणार नाही, असंही लिहून द्यायचं.

पहिली पाळी बोरॅक्सची. आधी ते लोण्यात दडवलं, तर पोरांनी लोण्याला हात लावणंच सोडलं. दुधात, मांसात, कॉफीत घालून पाहिलं, तिथेही तेच. शेवटी सरळ कॅप्सूलमध्ये भरून दिलं. काही दिवसांनी डोकेदुखी, पोटदुखी सुरू झाली, भूक मेली. पुढची पाच वर्षं एकेक रसायन असंच तपासलं गेलं: सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, बेंझोएट, फॉर्मल्डिहाइड. वर्तमानपत्रांनी या मेसचं नाव ठेवलं ‘पॉयझन स्क्वाड’, म्हणजे विषपथक. त्यावर गाणी निघाली, विनोद झाले. वायलींना ही थट्टा आधी खटकली. पण त्या थट्टेमुळेच घराघरात हा विषय पोहोचला.

महिला संघटना पाठीशी उभ्या राहिल्या. १९०६ च्या सुरुवातीला अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी आली आणि शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण चव्हाट्यावर आली. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. लेबलवर खोटं छापणं आता गुन्हा झाला. आणि त्या कायद्यातली एक गोष्ट तुमच्या गेटवरच्या दोस्तासाठी महत्त्वाची: अन्नाच्या व्याख्येत माणसाबरोबर इतर प्राण्यांचं खाणंही होतं.

इथे गोष्ट संपवली तर वायली हिरो ठरतात आणि आपण टाळ्या वाजवून मोकळे. पण थांबा. त्यांच्या प्रयोगात माणसं फक्त बारा, सगळे तरुण पुरुष. तुलनेसाठी वेगळा गट नाही. आणि कॅप्सूल गिळणाऱ्याला आपण काय गिळतोय हे ठाऊक. आजच्या कसोटीवर हा प्रयोग लंगडा पडतो. बोरॅक्स आणि फॉर्मल्डिहाइडबद्दल वायली बरोबर निघाले. पण बेंझोएट आज ठरावीक प्रमाणात जगभर चालतं. सॅकरिनवरून त्यांनी थेट रूझवेल्टना दुखावलं, कारण राष्ट्राध्यक्ष ते डॉक्टरच्या सल्ल्याने रोज घ्यायचे. तेही आज वापरात आहे. कॅफीनवरून कोका-कोलावर भरलेला खटला १९११ मध्ये सरकार खालच्या कोर्टात हरलं. वरिष्ठांशी खटके वाढत गेले आणि १९१२ मध्ये वायलींनी राजीनामा दिला. मग ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या प्रयोगशाळेत बसून ते वाचकांसाठी माल तपासत राहिले. १९३० साली ते गेले, तारीख ३० जून. कायद्यावर सही झाली तोच दिवस.

आता परत त्या पाकिटाकडे या. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्री आणि मांजरं मूत्रपिंड निकामी होऊन मरायला लागली. कारण निघालं चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मिसळलेलं मेलामाइन. ते का मिसळलं? प्रोटीन मोजायच्या नेहमीच्या चाचणीत खरं तर नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीनचा हिशेब लावतात. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, प्रोटीन शून्य. आकडा फुगला, चाचणी फसली. शंभराहून जास्त ब्रँडचा माल परत मागवावा लागला. पुढच्याच वर्षी चीनमध्ये हीच युक्ती लहान मुलांच्या दूध पावडरीत उघडकीला आली.

आपल्याकडे तर अजून एक गोम आहे. अमेरिकेच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००६ साली, आपला अन्नसुरक्षा कायदा झाला. त्यातली अन्नाची व्याख्या माणसाच्या खाण्यापुरती; प्राण्यांचं खाद्य त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यामागे जो कायदा उभा आहे, तो डॉगफूडच्या पाकिटामागे नाही.

म्हणून पुढच्या वेळी पाकीट उलटं कराच. ते संपूर्ण आहार आहे की नुसता खाऊ, आणि पिल्लासाठी की मोठ्या कुत्र्यासाठी? बॅच नंबर, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता आहे का? प्रोटीनची तुलना पाणी वगळून करा. डब्यातल्या ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणी आणि ९ टक्के प्रोटीन असेल, तर उरलेल्या २२ भागांतले ९, म्हणजे सुमारे ४१ टक्के. कोरड्या खाद्यात १० टक्के पाणी आणि २४ टक्के प्रोटीन असेल, तर ९० मधले २४, म्हणजे जेमतेम २७. मोठा दिसणारा आकडा इथे छोटा निघाला! आणि शेवटी कंपनीला एक ईमेल टाका: प्रत्येक बॅच तपासता का, कुठल्या लॅबमध्ये, आणि रिपोर्ट दाखवाल का?

उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तरच समजा. वायलींच्या बारा पोरांना निदान माहीत होतं की आपल्या ताटात काहीतरी आहे, आणि ते नको म्हणू शकत होते. गेटवरचं कुत्रं तुम्ही घालाल ते शेपूट हलवत खाणार आहे.