चित्रकार धुरंधर
महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. चित्रकलेची त्यांना मोठी आवड होती. परंतु चित्रे काढून पोट कसे भरणार, असे लोकांना वाटण्याचा तो काळ होता. तरीही १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे जॉन ग्रिफिथ्स हे प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या होत्या. या गुणग्राहक गुरूने धुरंधरांचे गुण हेरले व त्यांना सतत उत्तेजन दिले. गुरूचा विश्वास शिष्याने सार्थ केला. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. घरातील, रस्त्यावरील, सणासमारंभांतील साधी माणसे त्यांच्या कुंचल्याने अमर केली.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. विद्यार्थी व शिक्षक या नात्यांनी त्यांनी तेथे एकेचाळीस वर्षे घालविली आणि तेच नाव आपल्या आत्मचरित्रास दिले. १९३० साली काही काळ शाळेच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली. त्यांच्या हाताखाली चित्रकारांच्या अनेक पिढ्या शिकल्या. १९४४ साली ते निवर्तले. गुरूचे ऋण त्यांनी शिष्य घडवून फेडले.