आंतोनियो दे तोरेस
आंतोनियो दे तोरेस हुरादो (१३ जून १८१७ – १९ नोव्हेंबर १८९२) हे स्पेनमधील गिटार बनवणारे कारागीर होते. आजच्या अभिजात गिटारचा आकार व नाद प्रामुख्याने त्यांच्या कामातून घडला.

त्यांचा जन्म आल्मेरियाजवळ झाला. मूळचे सुतार असलेले तोरेस पुढे सेव्हिया येथे गिटार बनवू लागले. १८५८ साली तेथील प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले.

तोरेस यांनी गिटारचे खोके मोठे केले, तारेची कंपनलांबी सुमारे ६५० मिलिमीटर ठेवली आणि वरची फळी पातळ, किंचित घुमटाकार केली. पातळ फळी तारेबरोबर सहज कंप पावते. मात्र तारांच्या ताणाने ती वाकण्याचा धोका असतो. म्हणून तिला आतून पंख्यासारख्या पसरलेल्या, बहुधा सात पट्ट्यांचा आधार असे. अशा पट्ट्या कादिसच्या कारागिरांनी आधीच वापरल्या होत्या, त्यामुळे तोरेस यांना या रचनेचे जनक म्हणणे योग्य नव्हे.

नाद मुख्यतः वरच्या फळीवर अवलंबून असतो, पाठ व कडांच्या लाकडावर नव्हे, हे दाखवण्यासाठी त्यांनी १८६२ मध्ये चक्क पुठ्ठ्याची पाठ व कडा असलेली गिटार बनवली. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

वादक फ्रान्सिस्को तारेगा यांनी १८६९ मध्ये तोरेस यांची गिटार घेतली. तरीही कीर्तीइतका पैसा मिळाला नाही. १८७० च्या सुमारास ते आल्मेरियाला परतले व त्यांनी चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान काढले. १८७५ च्या सुमारास त्यांनी पुन्हा हत्यारे हाती घेतली आणि मृत्यूपर्यंत ते गिटार बनवत राहिले.